आकाश बघायचा छंद जन्मभर टिकवायचा असेल तर: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या लोकांसाठी सविस्तर

दुर्बीण कुठली घेऊ, हे मला सगळे विचारतात आणि मी दर वेळी सांगतो, आधी वही घ्या. लोकांना वाटतं चेष्टा करायलाय. पण आपल्याकडं किती घरांत माळ्यावर दुर्बिणी धूळ खात पडल्यात बघा, पोरगा दहावी पास झाला म्हणून हौसेनं आणलेली, चंद्र बघून झाला, शनीची कडी बघून झाली, पुढं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही, संपलं. ज्यांचा छंद वीस-तीस वर्षं चाललाय त्यांची दुर्बीण बऱ्याचदा साधीच असते, पण कपाटात वह्यांची चळत असते. म्हणून खालचं सगळं त्या हिशोबानं लिहिलंय: एक दिवस बघून खूश व्हायचं नाही, वर्षानुवर्षं बघायचं.

आधी आपण कुठं उभे आहोत ते

इंटरनेटवरचं बहुतेक मार्गदर्शन युरोप-अमेरिकेच्या आकाशाचं असतं आणि ते जसंच्या तसं इथं चालत नाही. बेळगाव साधारण 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे. याचा पहिला अर्थ असा की ध्रुवतारा आपल्याला क्षितिजापासून फक्त 16 अंश वर दिसतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली की दीड मूठ (एक मूठ साधारण 10 अंश). शहरात तो समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागं जातो, त्यामुळं ध्रुवाशी जुळवून लावायचं जे महागडं स्टँड असतं, इक्वेटोरियल म्हणतात ते, त्याच्या नादाला सुरुवातीला लागूच नका.

दुसरा अर्थ फायद्याचा आहे. दक्षिणेचं जे आकाश लंडनवाल्याला जन्मात घरातून दिसणार नाही ते आपल्याला स्लॅबवरून दिसतं. अगस्त्य हा ठळक तारा 21 अंशांपर्यंत वर येतो, त्रिशंकू म्हणजे सदर्न क्रॉस दिसतो, मित्र म्हणजे अल्फा सेंटॉरी हा तारा दिसतो. शिवाय ग्रहांचा रस्ता जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळं गुरू-शनी धुरळ्यातून वर आलेले, स्वच्छ दिसतात. मान मात्र मोडते. एक जुनी आरामखुर्ची वर नेऊन ठेवा, मस्करी नाही, ती कुठल्याही ॲक्सेसरीपेक्षा जास्त कामाची आहे.

तिसरं घड्याळाचं. आपली भारतीय वेळ 82.5 अंश रेखांशाची आणि बेळगाव 74.5 च्या आसपास, आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपण 32 मिनिटं मागं. सूर्य डोक्यावर यायला इथं साडेबारा होतात. म्हणून मोबाईलमधल्या स्टेलॅरियममध्ये (आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप) आपलं गाव टाका, दिल्ली ठेवून बसू नका. पहिला प्रयोग पण याचाच करा, पैसे लागत नाहीत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, 3-4 तारखेच्या आसपास, सपाट फरशीवर एक बाटली सरळ उभी करा आणि सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. साडेबाराच्या सुमाराला सावली बुडाखाली गायब होते. दुसरी संधी ऑगस्टच्या 8-9 ला असते पण तेव्हा सूर्य कुठला दिसायला, पाऊस पडत असतो. या खुणांचा मोबाईलवर फोटो काढा, वेळा लिहा. झाली की वहीची पहिली नोंद.

जागा

दोन जागा ठरवा, एक रोजची आणि एक महिन्यातून एखाद्या वेळची. रोजची म्हणजे स्लॅब किंवा अंगण, टिळकवाडीत असो नाहीतर वडगावात, लाईट असले तरी चालतं कारण ग्रह, चंद्र, जोडतारे आणि रूपविकारी (तेज कमीजास्त होणारे) तारे शहरातून मजेत बघता येतात. एका कोपऱ्यात रस्त्याच्या दिव्याला आडोसा म्हणून जुनी चादर दोरीवर टाकली तरी फरक पडतो.

लांबची जागा निवडताना एकच नियम: शहर तुमच्या उत्तरेला पाहिजे. आपलं भांडवल दक्षिणेला आहे, तिकडं उजेड नको. बेळगाववाल्यांनी येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या बाजूला, त्याहून पुढं खानापूर-जांबोटीकडं जावं, शहराचा उजेड पाठीमागं राहतो. निपाणीवाल्यांचं आयतंच बरं आहे, कोल्हापूर-इचलकरंजीचा झगमगाट उत्तरेला पडतो. ऊस पट्ट्यात मात्र गाळपाच्या दिवसांत, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, गुऱ्हाळांचा आणि पेटवलेल्या पाल्याचा धूर संध्याकाळी खाली बसतो, तिकडच्यांनी पहाटेचं बघायची सवय लावून घ्यावी.

जांबोटी-कणकुंबीकडचं आकाश बघून कोणीही वेडा होईल, पण तिकडं अस्वलं आहेत, गवे आहेत आणि जंगलात रात्री असं थांबता येत नाही. ओळखीच्या माणसाचं घर, काजूची बाग, शेतातली खोप, असं काहीतरी गाठा. आधी त्या गावात दिवसा जाऊन सांगून या. रात्री अकरा वाजता चार माणसं नळकांडं घेऊन माळावर उभी राहिली की लोक विचारणारच, आणि विचारलेलं बरं. सोपा उपाय म्हणजे पहिल्यांदा चंद्र लावायचा आणि म्हणायचं, बर्री, चंद्र नोड्री (या, चंद्र बघा). मराठी गाव असो नाहीतर कन्नड, एकदा चंद्रावरचे खड्डे बघितले की माणूस तुमचाच होतो, पुढच्या वेळी चहा पण येतो.

साधनं, आणि किती खर्च करायचा

पहिलं वर्षभर डोळे आणि एक बायनॉक्युलर, बस. 10x50 घ्या किंवा 7x50, पाच-दहा हजारांच्या आसपास बरं मिळतं. 10x50 म्हणजे दहा पट मोठं आणि पुढची भिंग 50 मिलिमीटरची. हात हलतात, म्हणून आरामखुर्चीच्या हातावर कोपर टेकवा. लाल उजेड पाहिजे कारण डोळ्याला काळोखाची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडानं ती एका क्षणात जाते, पण त्यासाठी काही मागवायला नको, गणपत गल्लीतून लाल जिलेटीन पेपर आणा, दोन घड्या करून बॅटरीला रबरानं बांधा. मोबाईल शक्यतो खिशात.

दुर्बीण नंतर. डब्यावर 525 पट असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल तर ती दुकानातच ठेवा. किती पट ते महत्त्वाचं नाही, पुढचा आरसा किंवा भिंग किती रुंद ते बघायचं. 70 मिलिमीटरच्या मानानं 6 इंची आरसा साडेचार पट उजेड गोळा करतो. माझं मत विचाराल तर 6 इंची डॉब्सोनियन, म्हणजे लाकडी पेटीवर हातानं फिरवायची दुर्बीण. मोटर नाही, ध्रुव जुळवणं नाही, बिघडण्यासारखं काही नाही. तिची फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) 1200 मिलिमीटर असेल तर 25 मिलिमीटरच्या आयपीसनं, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगानं, 48 पट, 10 च्या आयपीसनं 120 पट, एवढ्यात आयुष्य जातं. फोटोग्राफीचं खूळ पहिल्या दोन वर्षांत घेऊ नका, तो वेगळा छंद आहे आणि त्याला पैशाचा तळ नाही.

वही: इथं जास्त वेळ घालवा

जाड पुठ्ठ्याची, कोऱ्या पानांची वही घ्या, रेघांची नको. पेन्सिल 2बी. पेनची शाई थंडीत दवानं फुटते, पेन्सिल ओल्या कागदावर पण चालते. प्रत्येक नोंदीत एवढं तरी पाहिजे: तारीख जोडीनं लिहायची, म्हणजे 13/14 डिसेंबर, नाहीतर मध्यरात्रीनंतरची नोंद कुठल्या रात्रीची ते दोन वर्षांनी कळत नाही. मग वेळ, जागा, साधन, किती पट. मग आकाश कसं होतं ते, पण 'छान होतं' असं लिहून काही उपयोग नाही. एक ठरलेला भाग घ्या, उदाहरणार्थ कृत्तिका, आणि नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता आले ते लिहा. शहरातून चार-पाच, जांबोटीहून सात किंवा जास्त. हीच तुमची आकाश मोजायची पट्टी, दर वेळी तीच, आणि दहा वर्षांनी चाळलं की गावात लाईट किती वाढले ते आकड्यात दिसतं.

मग चित्र. कंपासनं पाच सेंटिमीटरचा गोल काढा, हे झालं आयपीसमधलं दृश्य. आधी ठळक तारे ठिपक्यांनी मांडा, त्यांचे त्रिकोण-चौकोन बघून अंतर जुळवा, मग अंधुक काही असेल तर पेन्सिल आडवी घासून बोटानं पसरा. दिशा कशी कळणार? डॉब्सोनियन हलवू नका, नुसतं बघत राहा, पृथ्वी फिरते त्यामुळं सगळं एका बाजूनं बाहेर सरकतं, ज्या कडेनं बाहेर जातं ती पश्चिम. गोलावर तिथं 'प' लिहा. अंधुक वस्तूकडं रोखून बघितलं की ती नाहीशी होते, जरा बाजूला बघायचं मग कोपऱ्यातून दिसते, आणि तिरक्या नजरेनं दिसलं असेल तर तसं लिहायचं. सगळ्यात कडक नियम: जे दिसलं तेच काढायचं. फोटोत देवयानीची दीर्घिका सर्पिल आहे म्हणून तुम्हाला बायनॉक्युलरमध्ये लांबट धुरकट डाग दिसला असताना सर्पिल काढू नका. आणि काहीच दिसलं नाही तर 'दिसलं नाही' ही पण नोंद आहे, ती गाळू नका.

चित्र येत नाही म्हणणाऱ्यांसाठी दुसरं काम आहे आणि ते मला चित्राहून जास्त आवडतं, ताऱ्याची प्रत अंदाजणं (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). श्रवण ताऱ्याच्या मंडळात ईटा ॲक्विली नावाचा तारा आहे, तो सव्वासात दिवसांच्या आत-बाहेर (नेमकं 7.18 दिवस) उजळतो आणि मंदावतो, साधारण 3.5 ते 4.4 प्रतीमध्ये. नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पाऊस गेला की ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सोयीच्या जागी असतो. त्याच मंडळातला डेल्टा 3.4 प्रतीचा, आयोटा 4.4 चा. या दोघांच्या मधल्या अंतराचे मनात दहा भाग करा आणि आपला तारा डेल्टापासून कितव्या भागावर वाटतो ते ठरवा. चौथ्या वाटला तर 3.8. लिहा, झोपा. महिनाभर जमेल तेव्हा हे केलं आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले की वर चढणारी आणि हळू उतरणारी रेघ आपोआप उभी राहते, आणि ती तुमच्या डोळ्यांनी मोजलेली असते, कुठून डाऊनलोड केलेली नाही. अशा नोंदी अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था 1911 पासून जगभरच्या हौशी लोकांकडून घेत आलीय, तुम्ही बेळगावातून पण पाठवू शकता.

वर्षाचं वेळापत्रक आपल्या पावसाप्रमाणं

आपलं खगोलवर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि मिरगाला संपतं असं समजा. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी संध्याकाळ काळोखी व्हायला लागते, तिथून अमावास्येपुढच्या तीन-चार दिवसांपर्यंत अंधुक गोष्टी, बाकीचे दिवस चंद्र आणि ग्रह. यासाठी घरातलं कॅलेंडर पुरतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर देवयानी, शर्मिष्ठा, श्रवण. डिसेंबरच्या 13/14 ला मिथुन राशीतला उल्कावर्षाव, जेमिनिड्स, वर्षातला आपला सगळ्यात भरवशाचा, आकाश स्वच्छ असतं आणि मिथुन मध्यरात्रीनंतर डोक्यावर येते. चटई, कांबळं, कानटोपी, आणि दर पंधरा मिनिटांना किती दिसल्या ते वहीत. ऑगस्टच्या पर्सिड्स उल्कांचं सगळे मेसेज फॉरवर्ड करतात, पण पाऊस असतो, आपल्याकडं विसरा. त्याऐवजी मेच्या 5-6 तारखेला पहाटे ईटा ॲक्वेरिड्स बघा, त्या हॅलेच्या धूमकेतूच्या कणांच्या आहेत आणि उत्तरेकडच्या देशांपेक्षा आपल्याला चांगल्या दिसतात. हॅले स्वतः 2061 ला येणार, तोवर त्याचा चुरा तरी बघूया.

जानेवारी-फेब्रुवारीत मृग, व्याध, आणि रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेला अगस्त्य. गावाकडं कोणी विचारतं, मिरगाच्या पावसात मृग का दिसत नाही? कारण जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, दिवसा डोक्यावर आहे, दिसणार कसा. हे एक वाक्य सांगितलं की म्हातारी माणसं सगळी पावसाची नक्षत्रं घडाघडा म्हणून दाखवतात आणि तुम्हाला सूर्याचा वर्षभराचा रस्ता फुकट पाठ होतो.

आणि मग एप्रिल-मे. आमच्या भागाचं खरं वैभव इथं आहे. वळीव येऊन गेला, ढग फाटले, हवा धुऊन निघाली, त्या रात्री काहीही काम असो, बाहेर पडा. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊला त्रिशंकू दक्षिणेला सरळ उभा असतो, क्षितिजावर दीड मूठ. तासाभरानं, साडेदहाच्या सुमाराला, चित्रा तारा बरोबर दक्षिणेला येतो. आता चित्रापासून खाली उभी रेघ सोडा आणि साडेतीन मुठी उतरा. बायनॉक्युलर तिथं लावलं की एक गोल धुरकट गोळा दिसतो, तो ओमेगा सेंटॉरी, आकाशातला सगळ्यात तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ, सुमारे 17,000 प्रकाशवर्षांवर. 6 इंचीतून बघितला तर मधला धुरळा सुटून बारीक बारीक तारे होतात, रवा सांडल्यासारखे. त्याच उभ्या रेघेवर अर्धी मूठ वर सेंटॉरस ए ही दीर्घिका आहे, तिला मात्र काळोखच पाहिजे, खानापूरच्या अलीकडून नाद करू नका.

पावसाळा आणि बुरशी

जून ते सप्टेंबर आकाश बंद, आणि याच काळात दुर्बिणी मरतात. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी चढते आणि एकदा काचेचं कोटिंग खाल्लं की जात नाही. बायनॉक्युलरची चामड्याची किंवा कापडी पिशवी कपाटात ठेवू नका, ती ओल धरते. झाकण घट्ट बसणारा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे कापडी पुरचुंडीत, वर भिंगं आणि आयपीस. दाणे गुलाबी किंवा हिरवे पडले की ओले झाले, मंद तव्यावर परतून परत मूळ रंगावर आणा, पण त्यासाठी रोजच्या पोळीचा तवा नको, वेगळा ठेवा. उघडीप मिळाली की तासभर कोरड्या वाऱ्यात ठेवायचं, उन्हात नाही. मोठा आरसा हातानं कधी पुसायचा नाही, धूळ चालते, ओरखडे चालत नाहीत.

बाकी पावसाळ्यात वर्षाच्या नोंदी उतरून काढा, आलेख करा, पुढच्या हंगामाची यादी करा. एखादा प्रवास पण होतो, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था 1944 पासून आहे, तिथल्या लोकांशी बोला. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात, ते पावसाळ्यात नाही पण बेत आत्ताच करून ठेवायचा.

जन्मभर पुरतील अशी कामं

यातलं एक, फार तर दोन घ्या.

शनी दर वर्षी एकदा काढा. 2025 मध्ये त्याची कडी आपल्याला कडेनं, जवळजवळ रेघेसारखी दिसली, आता 2032 पर्यंत उघडत जातील, मग परत मिटायला लागतील. सूर्याभोवती त्याची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची, पूर्ण फेरीची चित्रं ज्याच्या वहीत आहेत असा माणूस मला अजून बेळगावात भेटायचाय.

मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी, जोडतारा आहे, दोघं एकमेकांभोवती 80 वर्षांत फिरतात. 2016 च्या सुमाराला फार जवळ होते, आता लांब व्हायलेत. उन्हाळ्यात 13 अंशांवर येतो, दक्षिण क्षितिज मोकळं पाहिजे.

मृगाच्या चार खुरांतला तांबूस तारा, बीटलज्यूस, रोहिणीशी ताडून बघत जा. 2019-20 च्या हिवाळ्यात तो इतका मंद झाला की नुसत्या डोळ्यांना कळत होतं, ज्यांनी आधी नोंदी ठेवल्या होत्या त्यांनाच त्याची खरी मजा आली. उत्तर मुकुटातला टी कोरोनी बोरिॲलिस तसाच, एरवी दहाव्या प्रतीचा, 1866 आणि 1946 ला अचानक भडकून नुसत्या डोळ्यांनी दिसला होता. हिशोब तुम्हीच करा आणि उन्हाळ्यात रोज झोपायच्या आधी त्या कोपऱ्याकडं एक नजर टाका.

रात्री जागणं जमत नाही त्यांना सूर्यडाग. छोट्या भिंगाच्या दुर्बिणीनं सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची, दुर्बिणीत डोळा कधीही लावायचा नाही, फाइंडरला (नेम धरायच्या वरच्या छोट्या दुर्बिणीला) टोपण, पोरं आसपास असतील तर दुर्बिणीपासून हातभराहून लांब जायचं नाही. एक्स-रेची फिल्म, काळी काच, हे सगळं बंद. डागांचे गट गुणिले दहा अधिक एकेक करून मोजलेले सगळे डाग: तीन गट आणि अकरा डाग म्हणजे 41. रोजचा आकडा लिहित गेलात की अकरा वर्षांच्या आसपासचं चक्र तुमच्याच वहीत दिसेल. कोडईकॅनॉलच्या वेधशाळेत अशा नोंदी शंभर वर्षांहून जास्त आहेत.

ग्रहणांचं वेगळं सांगायला नको. 2 ऑगस्ट 2027 चं सूर्यग्रहण आपल्याकडं खंडग्रास आणि भर पावसात, आशा कमी ठेवा. 31 डिसेंबर 2028 च्या रात्री मात्र खग्रास चंद्रग्रहण आहे, मध्य साडेदहाच्या आत, थंडीचं स्वच्छ आकाश, सगळं गाव थर्टी फर्स्टसाठी जागंच असणार. त्या रात्री दुर्बीण गल्लीत रस्त्यावर लावा.

आणि वह्यांचं एक. आपल्याकडं वाळवी कागद ठेवत नाही. मे संपायच्या आत वर्षाची वही पानापानानं मोबाईलवर स्कॅन करा, एक कॉपी घरात, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडं, आणि मूळ वही लोखंडी ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्याबरोबर ठेवा, भिंतीला टेकवून नको.